तारांकित सुरी

गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, चेम्सफर्ड या गावी, माझ्या बहिणीच्या मुलाकडे काही आठवडे राहण्याचा योग आला. पहिल्याच संध्याकाळी त्याने कपाटातून कापडात गुंडाळलेली एक लांब वस्तू काढून जेवणाच्या मेजावर ठेवली आणि म्हणाला, "मावशी, ही तुझ्याच विषयातली आहे. सांभाळून उघड, धार खरी आहे."

कापड उलगडले. आत सुमारे दीड हात लांबीची एकधारी सुरी होती. पाठ जाड आणि सरळ; टोकाजवळ येताच ती एकाएकी उतरती होऊन धारेला मिळालेली. मूठ फिकट लाकडाची, आणि मूठ व पाते यांच्यामध्ये बोटांच्या रक्षणासाठी आडवी पट्टी वगैरे काही नाही. पात्याच्या एका अंगावर काटक्या जुळवून मांडल्यासारखी टोकदार अक्षरे ओळीने उमटवलेली. ती अक्षरे पाहिल्यावर ही वस्तू माझ्या विषयातली कशी, हे मला कळले.

माझा भाचा व्यवसायाने अभियंता. सुट्टीच्या दिवशी मात्र तो दहाव्या शतकातला माणूस होतो. इंग्लंडमध्ये जुन्या काळचे जीवन प्रत्यक्ष जगून दाखवणारी हौशी मंडळे आहेत. हातमागाचे अंगरखे घालून ही मंडळी मैदानात तंबू ठोकतात, चुलीवर शिजवतात आणि प्रेक्षकांसमोर लुटुपुटीची लढाईही करतात. त्या लढाईसाठी भाच्याजवळ दुसरी सुरी आहे. तिची धार दोन-तीन मिलिमीटर जाड ठेवून गोल घासलेली आहे आणि टोकही बोथट आहे. ती भारतात बनलेली आहे, हे त्याने हसत सांगितले. त्यात नवल नाही. देहरादूनसारख्या ठिकाणी अशा प्रतिकृती घडवून परदेशी पाठवण्याचा धंदा कित्येक वर्षे चालत आला आहे. मेजावर ठेवलेली सुरी मात्र एका इंग्रज कारागिराकडून खास घडवून घेतलेली, संग्रहात ठेवण्याजोगी.

या शस्त्राचे नाव सॅक्स. पाचव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत उत्तर-पश्चिम युरोपात ते घरोघर होते. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ साधा 'सुरी' असा आहे. जेवणाची सुरी ती 'मेटेसॅक्स', हाताशी बाळगायची ती 'हँडसॅक्स'. जुन्या जर्मन भाषेत हाच शब्द 'सह्स' या रूपात आढळतो. अन्न कापण्याच्या सुरीला तेथे 'मेझिसह्स' म्हणत. हा जोडशब्द शतकानुशतके तोंडात घोळत, झिजत 'मेसर' झाला. आज जर्मन गृहिणी 'मेसर' मागते तेव्हा त्या शब्दाच्या शेपटाशी एक जुने शस्त्र दडलेले असते. तिला त्याची जाणीव नसते, आणि असण्याचे कारणही नाही.

सॅक्सन लोकांचे नावदेखील याच शब्दावरून पडले असे बहुतेक अभ्यासक मानतात. दहाव्या शतकातील विडुकिंड या इतिहासकाराने त्याची कथाच सांगितली आहे. कथा ही कथा म्हणूनच घ्यावी. पण नाव टिकले, हे खरे. एसेक्स म्हणजे पूर्वेकडच्या सॅक्सनांचा मुलूख, ससेक्स म्हणजे दक्षिणेकडच्यांचा. भाच्याच्या घराचा पत्ता लिहिताना आजवर किती पाकिटांवर मी ही सुरी नकळत लिहिली असेल! एसेक्सच्या राजचिन्हात तर लाल ढालीवर तीन सॅक्स प्रत्यक्ष चितारलेल्या आहेत. गंमत अशी, की चित्रातली ती पाती तलवारीसारखी वाकडी असून त्यांच्या पाठीला एकेक खाच आहे. जमिनीतून निघालेल्या खऱ्या सॅक्सचा घाट असा नसतो. चित्रकारांनी चित्रावरून चित्र काढले आणि मूळ वस्तू मागे राहिली.

शब्दांचेही असेच होते. संग्राहकांच्या जगात या सुरीला आणखी एक भारदस्त नाव आहे: 'स्क्रामासॅक्स'. हे नाव येते सहाव्या शतकातील ग्रेगरी ऑफ टूर्स या धर्माधिकाऱ्याच्या लॅटिन इतिहासग्रंथातून. इ. स. ५७५ मध्ये फ्रँक राजा सिगिबर्ट याचा विष लावलेल्या सुऱ्यांनी खून झाला, आणि लोक त्या सुऱ्यांना काय म्हणत हे ग्रेगरीने जाता जाता नोंदवले. खुनाच्या हकिकतीतील ते नाव पुढे अभ्यासकांनी उचलले आणि एका संपूर्ण शस्त्रप्रकाराला लावले. आता ते विक्रेत्यांच्या सूचीत छापले जाते. साध्या 'सुरी'ला लोक जेवढे पैसे देणार नाहीत, तेवढे 'स्क्रामासॅक्स'ला देतात.

मराठीच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर आपल्या 'सुरी'कडे पाहावे. तिचा प्रवास कसा सरळ दिसतो! संस्कृतात 'क्षुरिका', प्राकृतात 'छुरिआ', मराठीत 'सुरी'. 'क्ष'चा 'छ' झाला आणि मराठीने त्या 'छ'ला 'स' अथवा 'श' केले. म्हणून हिंदीची 'छुरी' आपल्याकडे 'सुरी' आणि 'क्षेत्र' आपल्याकडे 'शेत'. या साखळीतील प्रत्येक कडी कोठे ना कोठे लिहिलेली सापडते. 'सॅक्स'च्या घराण्यात मात्र सर्वांत वरची कडी सापडत नाही. जुनी इंग्रजी, जुनी जर्मन, जुनी नॉर्स या बहिणींची रूपे समोर ठेवून त्यांच्या आईचे रूप तर्काने बांधावे लागते. ते रूप आपण '*सह्सं' असे लिहितो आणि त्याच्या डोक्यावर एक तारका ठेवतो. ऐतिहासिक भाषाविज्ञानाचा घटक वाचताना ही तारका आपल्याला भेटली असेल. परीक्षेत ती गाळली तर गुण जातात, एवढ्यापुरतीच पुष्कळांना ती ठाऊक असते. तिचा खरा अर्थ असा: हे रूप कोणी लिहिलेले आम्हांला मिळालेले नाही, आम्ही ते उभे केले आहे, वाचणाऱ्याने हे जाणून पुढे जावे.

प्रतिकृती घडवणाऱ्या लोहारापुढेही हाच प्रश्न असतो, किंबहुना अधिक बिकट असतो. मातीत शेकडो वर्षे पडलेल्या सुरीचे लोखंड गंजून का होईना, उरते. लाकूड, शिंग, चामडे यांचा मागमूस राहत नाही. कधी पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या निमुळत्या टोकावर, गंजात मुरून दगडासारखे झालेले लाकडाचे किंवा शिंगाचे चार तंतू सापडतात. त्यावरून मूठ कशाची होती ते कळते. ती कशी होती ते कळत नाही. सॅक्स कमरेला आडवी आणि धार वर करून लटकवीत, हे थडग्यांतील तिच्या जागेवरून अनुमानता येते. यॉर्क आणि डब्लिन येथील ओलसर जमिनीत काही चामडी म्याने टिकली, म्हणून म्यानांविषयी बोलता येते. पण इंग्लंडमध्ये आठव्या शतकाच्या सुमारास मृतांबरोबर वस्तू पुरण्याची प्रथा मावळली. त्यानंतरच्या सुऱ्या मिळतात त्या बहुधा नदीच्या गाळात किंवा वस्तीच्या कचऱ्यात, एकट्या. त्यांच्या धन्याविषयी सांगायला तेथे कोणी नसते.

भाषाविज्ञानाचा अभ्यासक अशा वेळी जागा रिकामी सोडू शकतो. लोहाराला तशी मुभा नाही. मूठ नसलेली सुरी कोणी विकत घेत नाही. त्याला लाकूड निवडावे लागते, जाडी ठरवावी लागते. त्याच्या हातातून वस्तू बाहेर पडते तेव्हा पुराव्याचा भाग आणि कल्पनेचा भाग एकाच तेलाने चमकत असतात. जोड कोठे आहे ते पाहणाऱ्याला दिसत नाही.

हे सारे त्या संध्याकाळी मला सुचले असे मात्र नव्हे. त्याला निमित्त झाले ते ब्रिटिश म्युझियम.

भाच्याची सुरी ज्या मूळ वस्तूवरून घडवली, ती तेथे आहे. १८५७ मध्ये लंडनमधील बॅटरसीजवळ टेम्स नदीत ती सापडली. काळ दहावे शतक. एकूण लांबी सुमारे ७२ सेंटिमीटर, त्यातील पाते सुमारे ५५. मूठ नाहीशी झालेली. पात्यात बारीक चर खोदून त्यांत तांबे, कांसे आणि चांदी यांच्या तारा ठोकून बसवल्या आहेत आणि त्या तारांनीच अक्षरे रेखली आहेत. ही अक्षरे म्हणजे रून लिपीची संपूर्ण वर्णमाला, २८ अक्षरांची. तिच्या पुढे एक नाव: बेआग्नोथ. जुन्या इंग्रजी रून लिपीची सबंध वर्णमाला वस्तूवर कोरलेली अशी एवढ्या एका ठिकाणीच आढळते. तिच्या पहिल्या सहा अक्षरांवरून तिला 'फुथोर्क' म्हणतात; आपल्याकडे 'ओनामा' म्हटले की अक्षरओळख अभिप्रेत असते, तशातलाच प्रकार. शस्त्रावर वर्णमाला का कोरावी? अक्षरांत रक्षण करणारी शक्ती आहे अशी समजूत असावी, असे काही जण म्हणतात. बेआग्नोथ हा घडवणारा की धनी, तेही कळायला मार्ग नाही. केंट परगण्यातील सिटिंगबोर्न येथे सापडलेल्या दुसऱ्या एका सॅक्सने ही पंचाईत ठेवलेली नाही. ती स्वतःच प्रथमपुरुषी बोलते: अमक्याने मला घडवले, तमका माझा धनी. आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांवर देणाराघेणाऱ्यांची नावे घातलेली असतात, त्याची मला तेथे आठवण झाली.

काचेसमोर उभी राहून मी अक्षरे वाचू लागले. एकोणीस अक्षरांपर्यंत क्रम परंपरेप्रमाणे आहे. विसाव्या अक्षरापासून तो ढळतो. जेथे 'म'चे अक्षर हवे तेथे 'ङ' येते, मागोमाग 'द', मग 'ल', आणि 'म' बिचारा त्यानंतर. कारागिराला वर्णमाला नीट येत नव्हती, की त्याच्यापुढे ठेवलेला नमुनाच चुकलेला होता? काही असो, हजार वर्षांपूर्वीचा एक हात येथे अडखळला आणि धातूची तार एकदा ठोकून बसवल्यावर ती चूक पुसता आली नाही. त्या सुरीवर बेआग्नोथचे नाव आहे. पण त्या कारागिराची जिवंत खूण म्हणाल, तर ती चूकच. मी छायाचित्र काढून घेतले.

घरी येऊन मी छायाचित्र आणि भाच्याची सुरी शेजारी ठेवली. तारा ठोकून बसवण्याऐवजी येथे अक्षरे आम्लाने कोरली होती. ती तडजोड मी समजू शकत होते. तार ठोकण्याची मजुरी कोणाला परवडणार? पण विसाव्या अक्षराशी माझे बोट थांबले. प्रतिकृतीत 'म' आपल्या योग्य जागी होता, 'ल' त्याच्या मागे. सगळा क्रम पुस्तकातल्यासारखा शुद्ध. कारागिराने चूक दुरुस्त केली होती.

मी भाच्याला म्हणाले, "तुझ्या लोहाराने जे खरे मोलाचे होते तेच पुसले."

त्याला ते लागले. त्याने कारागिराला विचारले. दोन दिवसांनी उत्तर आले ते असे: आरंभी तो मूळ क्रमानेच अक्षरे कोरीत असे, पण गिऱ्हाइके पुस्तकाशी ताडून पाहत आणि अक्षरे चुकली म्हणून सुरी परत पाठवीत. तेव्हा तो शुद्ध क्रम कोरू लागला. त्याने पुढे विचारले होते, की मावशींना हवा असल्यास चुकीचा क्रम कोरून देऊ का?

मला हसू आले आणि पाठोपाठ काही तरी टोचले. त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या माणसाला मी नावे ठेवीत होते, त्याने पोटासाठी जे केले ते मी पदवीसाठी केले होते.

नव्वदीच्या दशकात मी पीएच. डी.साठी दक्षिण कोकणातील बोलीचा अभ्यास करीत होते. उसना आणलेला टेपरेकॉर्डर आणि मोजक्या कॅसेटी घेऊन मी गावोगाव हिंडत असे. एका वाडीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मला भेटल्या. अक्षरओळख नाही, पण बोलण्यास बसल्या की वेळेचे भान राहू नये. भातकापणीच्या आदल्या रात्री विळ्यांना धार कशी लावीत, हे त्या मला सांगत होत्या. त्या ओघात भूतकाळाचे एक क्रियारूप त्यांच्या तोंडून आले. क्रियारूपांचा माझा तक्ता तोवर छान जमत आला होता. हे रूप त्यात बसेना. मी पुन्हा विचारले. त्यांनी तेच रूप पुन्हा उच्चारले, आणि "एवढेही कळत नाही का?" अशा नजरेने माझ्याकडे पाहिले.

मी वहीत काय लिहिले? तक्त्याला जे हवे होते ते. वय झालेले, पुढचे दात पडलेले. जीभ अडखळली असेल, असे मी मनाला समजावले. प्रबंधात ते 'दुरुस्त' रूप आजींच्या गावाच्या नावासह छापले गेले. त्याच्या डोक्यावर तारका नव्हती, तळटीप नव्हती. तक्ता देखणा दिसला. परीक्षकांनी त्याच्या नेमकेपणाचे कौतुकही केले. कॅसेट महाग म्हणून मी तीच पुढच्या गावी पुसून वापरली.

दहा-बारा वर्षांनी शेजारच्या तालुक्यात काम करणाऱ्या एका तरुण संशोधिकेचे मला पत्र आले. तिला दोन वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात एक अनियमित रूप आढळले होते. माझ्या प्रबंधात त्या जागी नियमित रूप असल्याने ती गोंधळली होती. माझ्या ध्वनिमुद्रणात नेमके काय ऐकू येते, एवढेच तिला हवे होते. मी उत्तर लिहायला बसले. आजी तोवर गेल्या होत्या. कॅसेट नव्हती. आणि आजींनी दोनदा उच्चारलेले ते रूप मला आठवेना. मी जे लिहिले होते तेच इतक्या वेळा वाचले होते, की खरे रूप माझ्या कानांतूनही पुसले गेले होते. अक्षरांच्या तिरक्या क्रमाइतकाच तो एक पुरावा होता. तो एका बाईच्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या टिकून माझ्यापर्यंत पोहोचला आणि माझ्यापाशी संपला. पत्राचे उत्तर मी दिले. "नोंद उपलब्ध नाही," असे त्यात लिहिले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते.

म्हणून आता प्रतिकृतींकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहते. प्रतिकृती करणे हे हलके काम आहे असे मला वाटत नाही. काचेआडची सुरी हातात घेता येत नाही. तिचा तोल कोठे आहे, एवढे लांब पाते कमरेला आडवे बांधून चालताना काय होते, हे घडवून पाहिल्याखेरीज समजत नाही. आपण भाषाविज्ञानात मूळ रूप बांधतो तेही यासाठीच: बांधून पाहिल्यावर कोणते धागे जुळतात आणि कोणते सुटे राहतात ते दिसते. अंदाज करण्यात दोष नाही. अंदाजाच्या डोक्यावरची तारका काढून टाकण्यात तो आहे. आणि जे डोळ्यांना दिसले, कानांनी ऐकले, ते आपल्या तक्त्याला नको म्हणून शुद्ध करण्यात तर अधिकच.

आपण घरी अभ्यास करणारे विद्यार्थी आहात. आपल्यापैकी अनेकांच्या घरात, शेजारात, कामाच्या ठिकाणी अशी माणसे आहेत, जी पुस्तकात न बसणारी मराठी बोलतात. प्रकल्पासाठी त्यांचे बोलणे टिपण्याची वेळ आपल्यावर येईल. तेव्हा जे ऐकू येईल ते तसेच लिहावे. आपल्याला ते चूक वाटले तर बाजूला आपली शंका लिहावी. त्यांचा शब्द बदलू नये. पुढे कधी तरी, आपल्यापेक्षा अधिक जाणणारा कोणी ती नोंद वाचील.

परतण्याच्या आदल्या दिवशी भाच्याने मला एक पुठ्ठ्याचे कार्ड दाखवले. मैदानात सुरी मांडली की तिच्याजवळ ते ठेवायचे असे त्याने ठरवले होते. त्यावर त्याने लिहिले होते: पात्याचा घाट मुळाप्रमाणे, मूठ अंदाजाने, अक्षरे मुळात धातूच्या तारांची, येथे आम्लाने कोरलेली, अक्षरांचा क्रम येथे सुधारलेला, मुळात विसाव्या अक्षरापासून वेगळा. खाली, माझ्यासाठी म्हणून, त्याने एक तारका काढली होती.

भारतात आल्यावर मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि माझा प्रबंध मागवला. ग्रंथपालांची रीतसर परवानगी घेतली. तो तक्ता असलेले पान उघडले आणि त्या एका रूपाच्या डोक्यावर पेन्सिलीने तारका काढली. समासात लिहिले: हे रूप माझे आहे, आजींचे नाही. त्यांनी निराळे सांगितले होते; मी ते लिहून घेतले नाही. खाली सही केली आणि तारीख घातली. त्यानंतर त्या संशोधिकेला मी दुसरे पत्र लिहिले.